चिखल्या: दर पावसाळ्यात परत का येतात?

गगनबावडेकर (१२ जून, सकाळी ७:५०)
भाताची रोपलागण तोंडावर आली. कोल्हापूरच्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात आता महिना-दीड महिना बायामाणसं घोटाभर चिखलात उभी असणार. आठवडाभरात बोटांच्या बेचक्यांत कातडं पांढरं पडतं, मग खाज, आग, चिरा. मेडिकलमधून ट्यूब येते, आठ दिवसांत आराम पडतो आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच.

तीन प्रश्न आहेत. ही बुरशीच असते की नुसतं पाण्यानं भिजून सुटलेलं कातडं? दरवर्षी परत का येते? आणि लागणीला जाणं न थांबवता काय करता येईल? फक्त "पाय कोरडे ठेवा" एवढंच सांगणार असाल तर राहू द्या, ते पावडरच्या डब्यावर छापलेलं असतं.

तांबडा_पांढरा (८:०२)
पाय कोरडे ठेवा.
(पळालो.)

ओपीडी_नंबर_सहा (८:४५)
पहिला प्रश्न नेमका आहे, कारण "चिखल्या" हे एका रोगाचं नाव नव्हेच. बेचकं पांढरं होऊन फाटलं की आपण चिखल्या म्हणतो. आत काय चाललंय ते निरनिराळं असतं.

एक प्रकार निव्वळ पाण्याचा. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, म्हणजे केराटिनचा. तो पाणी पिऊन फुगतो. दिवसभर चिखलात उभं राहिलं की तळवा सुरकुततो, सगळीच बेचकी पांढरी पडतात, दोन्ही पाय सारखेच. त्यावर रेती-काडी घासली की साल निघते. इथे सुरुवातीला बुरशी नसते. दोन-तीन दिवस पाय कोरडे राहिले तर आपोआप बसतं.

दुसरा खऱ्या बुरशीचा. ट्रायकोफायटॉन रुब्रम ही मुख्य, शिवाय ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटाले आणि एपिडर्मोफायटॉन फ्लोकोसम. या बुरश्या केराटिन खाऊनच जगतात, सहसा त्याच्या खाली उतरत नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधलं बेचकं सगळ्यात चिंचोळं, तिथे वारा लागत नाही, म्हणून सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच. ओळखायची खूण अशी: एका पायाला जास्त, दुसऱ्याला कमी. बूट काढल्यावर खाज उसळते. आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांतही त्या बेचक्यात थोडा कोंडा, थोडी साल असतेच.

तिसरा गट जिवाणूंचा. बेचक्यात तपकिरी-लालसर डाग, खाज जवळजवळ नाही आणि वुड्स लॅम्पखाली (डॉक्टरकडचा अतिनील दिवा) पोवळ्यासारखा लाल चमकतो, तो एरिथ्राझ्मा. पायाची बुरशी त्या दिव्याखाली चमकत नाही. हिरवट झाक, ओल आणि घाण वास असेल तर स्यूडोमोनासचा संशय घ्यावा. टाचेवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि मोजे काढताच खोलीभर वास, तो पिटेड केराटोलायसिस. यातल्या कशालाही नुसतं बुरशीचं मलम सहसा पुरत नाही.

भाताच्या चिखलात होतं ते बहुधा असं: पाणी दार उघडतं, बुरशी किंवा जिवाणू आत शिरतात. त्यामुळे "बुरशी की पाणी" याचं उत्तर पहिल्या आठवड्यात वेगळं आणि तिसऱ्या आठवड्यात वेगळं.

खमंग_काकू (९:३०)
मेंदीचा पाला. आमच्याकडं लागणीच्या दिवसांत घराघरांत हेच करतात. ओला पाला पाट्यावर वाटायचा, रात्री पाय धुऊन पुसून बेचक्यांत भरायचा, वरून सुती फडकं सैल गुंडाळायचं, सकाळी धुवायचं. कातडं रंगतं तसं निबर होतं आणि चिखल लागत नाही. ट्यूबा आता आल्या.

मेडिकलवाला_भाऊ (९:४१)
काकू, मेंदीशी भांडण नाही. पण लोक पाल्याऐवजी दुकानातला काळ्या मेंदीचा कोन भरतात, त्याचं काय करायचं?

ओपीडी_नंबर_सहा (१०:०५)
मेंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केराटिनला चिकटतं आणि प्रयोगशाळेत त्याचा बुरशीवर परिणाम दिसतो. शाबूत कातडीवर, लागण सुरू व्हायच्या आधी कोणी ओला पाला लावला तर माझी हरकत नाही. पण चिरा पडल्यावर वाटलेला लगदा आत भरून रात्रभर बांधणं म्हणजे ओल कोंडून ठेवणं. औषध म्हणून मलमाच्या जागी तो धरू नका.

काळ्या मेंदीबद्दल भाऊ म्हणतात ते खरं. तिचा काळा रंग पाल्याचा नसतो, त्यात पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन असू शकतं. त्याची ॲलर्जी झाली की पाय फोडांनी भरतो.

आणि चुना, रॉकेल, न मिसळलेलं डेटॉल यांपैकी काहीही नको. चुना अल्क आहे, भिजलेल्या कातडीवर भाजतो. "झोंबलं म्हणजे लागू पडलं" हा समज पायाला महागात पडतो.

खमंग_काकू (१०:२०)
बांधायचं नाही, एवढं मान्य. पाला मात्र सोडणार नाही.

मेडिकलवाला_भाऊ (११:१५)
दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर काउंटरच्या अलीकडून दिसतं. हिशोब करून बघा.

हाताच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढली तर साधारण अर्धा ग्रॅम होतो. दोन्ही पायांच्या सगळ्या बेचक्यांना एका वेळेला तेवढं लागतं. दिवसातून दोनदा म्हणजे रोज १ ग्रॅम. क्लोट्रिमॅझोल १ टक्का हे मलम पायाला ४ आठवडे लावायचं असतं, म्हणजे २८ ग्रॅम. दुकानात मिळणारी ट्यूब १५ ग्रॅमची. पंधराव्या दिवशी ती संपते, तेव्हा खाज केव्हाच थांबलेली असते. दुसरी ट्यूब घ्यायला कोण येतो? मग तो "बरा झालो होतो, परत आलं" म्हणतो. आलं नाही, गेलंच नव्हतं.

टर्बिनाफिन १ टक्का दिवसातून दोनदा, बेचक्यांसाठी किमान १ आठवडा, तळव्यालाही पसरलं असेल तर २ आठवडे. लुलिकोनॅझोल १ टक्का दिवसातून एकदाच, २ आठवडे. या दोन्हींमध्ये एक ट्यूब पुरते. महाग वाटतात, पण पूर्ण कोर्सचा खर्च काढला तर फरक फार उरत नाही.

शिरोली_सेकंड_शिफ्ट (११:४०)
अख्खा तळवा सोलतोय त्याचा हिशोब?

मेडिकलवाला_भाऊ (११:५२)
एका अख्ख्या पावलाला एका वेळी १ ग्रॅम. दोन पाय, दोन वेळा, म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब चार दिवससुद्धा जात नाही. म्हणून तळव्याच्या प्रकारात नुसत्या मलमावर बसू नका, डॉक्टरकडं जा.

ओपीडी_नंबर_सहा (दुपारी १२:३०)
पुढे जोडतो. तळव्याचा प्रकार लोकांना बुरशी वाटतच नाही. टाचेपासून कडेपर्यंत कातडं जाड, कोरडं, रेघांमध्ये पिठासारखा पांढरा कोंडा. खाज कमी. "टाचा फुटल्यात" म्हणून वर्षानुवर्षं कोकमतेल चोळलं जातं. जाड थरातून मलम आत पोचत नाही, म्हणून बहुधा पोटातून औषध द्यावं लागतं. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, साधारण २ आठवडे, पण ते तपासूनच. यकृताचा त्रास असलेल्याला, गरोदर बाईला ते आपल्या मनानं द्यायचं नाही. इट्राकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध हार्ट फेल्युअर असलेल्याला देत नाहीत आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनशी त्याचं जमत नाही. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या घेणं म्हणूनच वाईट.

एक गंमतशीर खूण: दोन्ही तळवे आणि एकच तळहात कोरडा, कोंडा सुटलेला. दुसरा हात स्वच्छ. खाजवणारा हात तो. असा नमुना दिसला की बुरशी जवळजवळ नक्की.

तांबडा_पांढरा (१२:३४)
म्हणजे गुन्हेगाराच्या हाताचे ठसे पायानंच दिले.

लाल_माती (१:१०)
तालमीचं वेगळं सांगतो. कुस्तीगिराच्या अंगावर गजकर्ण दिसलं की लोक मातीला नावं ठेवतात. हौदातल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालतात, ती खोऱ्यानं रोज खालीवर होते. माती एकटी दोषी नाही. पहिली तपासायची जागा म्हणजे न्हाणीघराची शेवाळलेली फरशी, दुसरी एकाच खुंटीला टांगलेले पंचे आणि तिसरी लंगोट. पायाला बुरशी असलेला पोरगा लंगोट किंवा चड्डी पावलांवरून वर चढवतो आणि बुरशी थेट जांघेत नेऊन ठेवतो. मग म्हणतो खाज सुटली, घामानं सुटली.

नियम साधा आहे. कपडे घालताना मोजे आधी, चड्डी नंतर. पाय पुसायचा पंचा वेगळा आणि अंग पुसून झाल्यावर शेवटी पाय. न्हाणीघरात स्वतःची रबरी चप्पल. मॅटवर सराव असेल तर मॅट रोज जंतुनाशकानं पुसायची. अंगावर गोल चट्टा असलेल्याला जोडीत धरायचं नाही, बरं झाल्याचं डॉक्टरनं सांगेपर्यंत.

बिनपाण्याची_मिसळ (१:२५)
मोजे आधी चड्डी नंतर! घरच्यांनी बघितलं तर काय सांगू?

लाल_माती (१:२७)
वस्तादांनी सांगितलंय म्हण.

शिरोली_सेकंड_शिफ्ट (२:००)
फाउंड्रीवाल्यांनी नीट वाचावं. सेफ्टी शू पोलादी टोपीचा, जाड, वारा शून्य. भट्टीजवळ आठ तासांत मोजा पिळून पाणी निघतं. यात तीन चुका कायम होतात. एक, तोच जोड रोज. बूट आतून वाळायला २४ ते ४८ तास लागतात, त्यामुळे दोन जोड आलटून पालटून घालणं हाच उपाय. कंपनी एकच जोड देते तिथे निदान आतला सोल काढता येणारा घ्या, दोन सोल ठेवा, एक उन्हात एक बुटात. दोन, नायलॉनचे मोजे. सुती घ्या आणि जेवणाच्या सुट्टीत बदला, दुसरा जोड डब्याच्या पिशवीत मावतो. तीन, बूट लॉकरमध्ये बंद करून घरी जाणं. अंधार, ओल, ऊब, बुरशीला आणखी काय पाहिजे!

मोजे धुताना गरम पाणी, ६० अंश. तेवढं गरम शक्य नसेल तर धुतल्यावर उलटे करून कडक उन्हात. पायाला लावायची क्लोट्रिमॅझोलची पावडर बुटात टाकायची, रोज थोडी. ओल्या बेचक्यात पावडर भरू नका, तिचा चिखल होतो.

कानवाली_कापशी (२:४०)
एवढी चर्चा झाली आणि कोल्हापुरीचं नाव नाही? खुल्या चपलेत पायाला वारा लागतो, बोटं मोकळी राहतात. बूट सोडा, कोल्हापुरी घाला, निम्म्या चिखल्या जातील.

गगनबावडेकर (२:५०)
जून ते सप्टेंबर आमच्याकडं कोल्हापुरी घालून चार पावलं चालून दाखवा. तळ फुगून चप्पल पुरणपोळी होते.

कानवाली_कापशी (३:१५)
पावसात घालायची नाहीच, ते कोण म्हणतंय? बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं आहे ते, पाणी पितंच. उरलेल्या आठ महिन्यांचं बोलतोय. पावसाआधी तेल पाजायचं, वर्तमानपत्रात गुंडाळून हवेशीर फळीवर ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. पिशवीत बुरा चढतो.

आणि वर कोणी बूट उन्हात म्हटलंय, ते कापडी आणि रबरी बुटांना ठीक. अस्सल कातड्याची ओली चप्पल कडक उन्हात टाकली की तडकते, शिवण सुटते. आधी सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळवायची, मग पाहिजे तर तासभर कोवळं ऊन.

ओपीडी_नंबर_सहा (३:३५)
चपलेचा विषय निघालाय तर एक नक्की बघा. पावलाच्या वरच्या बाजूला पट्ट्याच्या मापाचा लाल, खाजणारा ठसा उठला आणि बेचकी स्वच्छ असतील तर ती बुरशी नव्हे, ॲलर्जी. क्रोमनं कमावलेलं कातडं, रबरातली रसायनं, चिकटवायचा डिंक ही कारणं. अंगठ्याच्या पट्टीखाली वळ असेल तर तेच. अशा पायाला बुरशीचं मलम कितीही लावा, चप्पल बदलेपर्यंत काही होत नाही. बुरशी उलट, बेचकं धरून बसते.

कानवाली_कापशी (३:४०)
बाभूळ-हिरड्याच्या कातड्यात क्रोम नसतं, एवढं नोंदवून ठेवा. २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, उगाच बदनामी नको.

तांबडा_पांढरा (३:४४)
कोल्हापुरी निर्दोष सुटली. खाली बसा.

पंचगंगाकाठ (४:२०)
मला वाटतं आपण फार डॉक्टरी करतोय. चार दिवस खोबरेल लावा, उघडे ठेवा, जातात. प्रत्येक गोष्टीला ट्यूब कशाला?

मेडिकलवाला_भाऊ (४:४५)
ट्यूब नको म्हणताय ते एका बाबतीत बरोबर आहे, कारण लोक चुकीची ट्यूब घेतात. "खाज लगेच थांबणारी द्या" म्हणून मागितली की हातात येते ती मिश्र ट्यूब: क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन हे स्टेरॉइड, एखादं अँटिबायोटिक आणि एखादं बुरशीचं औषध, सगळं एकात. स्टेरॉइडमुळं दोन दिवसांत लाली आणि खाज गायब. पण त्या जागेची प्रतिकारशक्ती झोपते आणि बुरशी निवांत पसरते. बंद केलं की दुप्पट उसळते, परत तीच ट्यूब. सहा महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, शेड्यूल एचचा शिक्का त्यासाठीच आहे.

खोबरेलाचं म्हणाल तर, भेगाळलेल्या कोरड्या टाचेला लावा. ओल्या बेचक्यात तेल म्हणजे आतली ओल झाकणं.

ओपीडी_नंबर_सहा (५:१०)
या मिश्र ट्यूबांनी बुरशीचं रूपच बदलतं. कडा पुसट, कोंडा नाही, चट्टा विचित्र. आम्ही त्याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतो, म्हणजे ओळख लपवलेली. शिवाय भारतात गेल्या काही वर्षांत टर्बिनाफिनला दाद न देणारी जात पसरली आहे, २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. औषध ज्या एन्झाइमवर काम करतं त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. ती जास्त करून जांघ, कंबर, नितंबावर दिसते, पायावर कमी. पण योग्य औषध, योग्य मात्रेत २ आठवडे लावून काडीचा फरक नसेल तर तिसरी-चौथी ट्यूब बदलत बसू नका, तपासणी करून घ्या.

तपासणी स्वस्त आणि सोपी. बोथट ब्लेडनं कडेचा कोंडा खरवडायचा, मधला नाही, कारण बुरशी कडेला वाढत असते. काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पेशी विरघळतात, बुरशी विरघळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, मधे पडदे असलेले धागे दिसले की पक्कं. मात्र आदल्या दिवसापर्यंत मलम लावून गेलात तर धागे सापडत नाहीत आणि रिपोर्ट खोटा "निगेटिव्ह" येतो. किती दिवस आधी थांबवायचं ते पाठवणाऱ्या डॉक्टरला विचारा.

साखरेचं_पोतं (५:३०)
मधुमेह असेल तर?

ओपीडी_नंबर_सहा (५:४८)
तर घरी प्रयोग अजिबात नाही. पायाची जाणीव कमी झालेली असते, चीर पडलेली कळत नाही आणि त्या चिरेतून जिवाणू आत गेले की सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखाली पसरणारा जिवाणूंचा संसर्ग. लाली पावलावरून नडगीकडे चढायला लागली, पाय गरम, जड, अंगात थंडी-ताप: त्याच दिवशी दवाखाना. हत्तीपायाची सूज असलेल्यांनाही हेच लागू. तळवा आणि बेचकी रोज आरशात किंवा घरच्या माणसाकडून बघून घ्या. पाय भिजवायचं गरम पाणी पायानं नाही, कोपरानं तपासा.

पंचगंगाकाठ (६:०५)
मान्य, खोबरेल मागे घेतो. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर चिखल काढणाऱ्यांना लेप्टोच्या गोळ्या द्यायला हव्यात असं म्हणत होते, त्याचा चिखल्यांशी काय संबंध?

ओपीडी_नंबर_सहा (६:२०)
थेट संबंध. लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि फाटलेल्या, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शिरतो. फुटलेली चिखली म्हणजे उघडं दार. शेतात किंवा पुराच्या पाण्यात काम केल्यावर बहुधा ५ ते १४ दिवसांत ताप, पोटऱ्यांत मरणाचं दुखणं, डोळे लाल झाले तर "चिखलात काम करतो" हे डॉक्टरनं विचारायची वाट न बघता सांगा. गोळ्या कोणाला द्यायच्या ते आरोग्य केंद्र ठरवेल.

बिनपाण्याची_मिसळ (७:००)
अंगठ्याचं नख पिवळं, जाड, खालून भुसा निघतो. हे याच धाग्यात की वेगळा काढू?

मेडिकलवाला_भाऊ (७:१२)
याच धाग्यात. "परत का येते" याचं उरलेलं निम्मं उत्तर ते नखच आहे. बेचकं बरं होतं, नखाखाली साठा राहतो, पुढच्या ओलीला तिथून परत उतरतो. नुसत्या मलमानं नख सुधारत नाही. पायाच्या नखाला टर्बिनाफिनच्या गोळ्या १२ आठवडे द्याव्या लागतात, आधी यकृताची रक्ततपासणी. गोळ्या संपल्या तरी नख लगेच चांगलं दिसत नाही, पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवीन यायला वर्ष-दीड वर्ष जातं. लोक तिसऱ्या महिन्यात "काही फरक नाही" म्हणून हताश होतात, तेव्हा मुळाशी बघा. तळाकडून स्वच्छ नख येत असेल तर काम होतंय. आणि जाड होणारं प्रत्येक नख बुरशीचं नसतं, मार लागूनही होतं, सोरायसिसनंही. तपासल्याशिवाय १२ आठवड्यांच्या गोळ्या नकोत. त्या नखाची नखकात्री घरात वेगळी ठेवा.

गगनबावडेकर (८:१५)
खूप मिळालं. पण माझा तिसरा प्रश्न अजून चिखलातच उभा आहे. गमबूट सांगू नका, लागणीच्या गाऱ्यात तो रुततो आणि पाय बाहेर येतो, बूट आत राहतो.

ओपीडी_नंबर_सहा (८:५०)
बरोबर. म्हणून चिखलात जायच्या आधी आणि आल्यानंतर, या दोन वेळा धरायच्या.

सकाळी कोरड्या पायाला, शाबूत कातडी असेल तरच, बेचक्यांत आणि तळव्याला व्हॅसलीनचा पातळ थर. पाणी थरात शिरायला उशीर होतो. भाऊ तेलाबद्दल म्हणाले ते इथे उलटं लागू पडतं: स्निग्ध पदार्थ ओलीच्या आधी कामाचा, नंतर घातक.

जेवणाच्या सुट्टीत बांधावर पाय धुऊन, पुसून अर्धा तास उघडे. हा अर्धा तास लोक चुकवतात. सलग आठ तासांपेक्षा चार अधिक चार बरे, मधे केराटिन थोडं आकसतं.

संध्याकाळी स्वच्छ पाणी, साधा साबण. बेचकी सुती फडक्यानं टिपायची, घासायची नाहीत, भिजलेली साल घासली की निघून येते. एकेक बेचकं, करंगळीकडून सुरुवात. ज्यांना बुरशी आहे त्यांनी मलम आत्ता लावायचं, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटर चांगल्या कातडीवरही. खाज थांबली तरी वर सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. रात्री मोजे नाहीत, प्लास्टिक नाही.

बेचक्यातून पाणी सुटत असेल तर मलमाआधी पोटॅशियम परमँगनेट. प्रमाण १ लिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीला १ ग्रॅम. एवढा बारीक तराजू कोणाकडं नसतो, म्हणून रंगावर जा: गुलाबाच्या फिकट पाकळीसारखं पाणी. जांभळं झालं तर जास्त झालं, कातडी भाजते. खडे आधी तांब्यात पूर्ण विरघळवून मग बादलीत ओता, नाहीतर तळाशी राहिलेला खडा पायाला डाग देतो. दहा-पंधरा मिनिटं, पाय पुसून कोरडे. ओल थांबली की परमँगनेटही बंद, ते कातडी कोरडी करून पुन्हा फोडतं. नखं तपकिरी होतात, घाबरू नका.

मेडिकलवाला_भाऊ (९:०५)
यात एक भर. जुन्या पद्धतीचं व्हिटफिल्ड मलम, म्हणजे ६ टक्के बेंझोइक आणि ३ टक्के सॅलिसिलिक ॲसिड, अजून मिळतं आणि स्वस्त आहे. कोरड्या, जाड, सालपटं निघणाऱ्या पायाला चांगलं. फुटलेल्या ओल्या बेचक्याला लावलंत तर गल्ली जागी होईल.

खमंग_काकू (९:२०)
परमँगनेटचं पाणी चालतं, मग मेंदीनं काय घोडं मारलं होतं?

ओपीडी_नंबर_सहा (९:२६)
काकू, मेंदी लागणीच्या आधी. ठरलं ना आपलं?

शिरोली_सेकंड_शिफ्ट (९:४०)
हाताच्या बोटांच्या कडेला बारीक खाजरे फोड येतात, पाय खराब असताना. हाताला पण तेच मलम?

ओपीडी_नंबर_सहा (९:५५)
बहुतेक वेळा नाही. पायातल्या बुरशीवर शरीराची प्रतिक्रिया म्हणून हाताला फोड येतात, त्या फोडांत बुरशी नसते. पाय बरा झाला की हात आपोआप बसतो. हातावर मलमं थापत बसलात आणि पाय तसाच ठेवलात तर दोन्ही राहतात.

गगनबावडेकर (१०:१०)
शेवटचं. घराघरांत फळीवर गेल्या वर्षीची अर्धी ट्यूब पडलेली असते. ती वापरावी का?

मेडिकलवाला_भाऊ (१०:१८)
मुदत बघा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. एकच नाव असेल, क्लोट्रिमॅझोल, टर्बिनाफिन किंवा लुलिकोनॅझोल, आणि मुदत बाकी असेल तर चालेल, पण पूर्ण कोर्सला पुरेल एवढी नवी आणून ठेवा.

गगनबावडेकर (१०:३१)
शेजारच्या घरातून एक आणली. क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल.

मेडिकलवाला_भाऊ (१०:३३)
कचऱ्यात.